मनाली ते लेह : रस्त्याची छायाचित्रे कशी काढावीत

साताऱ्यात आमच्या ओळखीतले कोणी ना कोणी दरवर्षी गाडी काढून मनालीमार्गे लेहला जाऊन येते आणि परतल्यावर घरी बोलावून छायाचित्रे दाखवते. ती पाहताना मला एकच उणीव सतत जाणवते. निळे आकाश असते, बर्फाची शिखरे असतात, खिंडीच्या पाटीला टेकून उभे राहिलेले मित्र असतात. फक्त ज्या रस्त्यासाठी ही सगळी मंडळी दोन हजार किलोमीटर उत्तरेला गेली, तो रस्ता कुठेच नसतो. माझ्या पहिल्या प्रवासात मीही हेच केले होते. हजाराच्या वर छायाचित्रे घेऊन मी घरी आलो, आणि वडिलांनी एका चित्रावर बोट ठेवून ‘ही खिंड कुठली, आणि तुम्ही हिच्यात चढलात कुठून?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढच्या दोन प्रवासांत मी जे शिकलो ते येथे लिहितो आहे. या रस्त्यावर चांगले छायाचित्र कॅमेऱ्याच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. गाडी नेमकी कुठे आणि किती वाजता थांबवली, यावर ते अवलंबून असते. म्हणून या लेखात उपकरणांपेक्षा थांब्यांविषयी अधिक लिहिले आहे.

आधी रस्ता समजून घ्यावा

मनाली ते लेह हे अंतर अटल बोगद्यामार्गे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा रोहतांग खिंडीखालून जातो आणि सुमारे ४६ किलोमीटरचा फेरा वाचवतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. दक्षिणेच्या तोंडाशी देवदारांचे ओले जंगल आणि धुके सोडून आपण आत शिरतो आणि काही मिनिटांतच लाहौलच्या कोरड्या, उजाड, लख्ख प्रकाशात बाहेर पडतो, कारण पावसाचे ढग रोहतांगच्या रांगेपलीकडे फारसे जात नाहीत. सातारकराला हे समजावून सांगावे लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातला माण तालुका पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढतो. महाबळेश्वर ते म्हसवड हा जो बदल आपण अर्ध्या दिवसात पाहतो, तो तेथे नऊ किलोमीटरांत घडतो. हा बदल दाखवणारी दोन छायाचित्रे, एक बोगद्यात शिरण्यापूर्वीचे आणि एक बाहेर पडल्यानंतरचे, शक्यतो सारख्याच चौकटीत घ्यावीत. बोगद्याच्या आत मात्र गाडी थांबवण्यास मनाई आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

पुढे चंद्रा नदीच्या काठाने तांदीला पोहोचले की चंद्रा आणि भागा यांचा संगम लागतो. येथून पुढे ही नदी चंद्रभागा म्हणवते आणि तीच चिनाब. ज्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण करत ज्ञानोबांची पालखी पंढरीला जाते, तेथून आलेल्या माणसाला हिमालयात ‘चंद्रभागा’ हे नाव कानावर पडल्यावर काय वाटते ते शब्दांत मांडण्याची गरज नाही. दोन रंगांची पाणी जिथे मिसळतात ते ठिकाण वरच्या रस्त्यावरून, थोड्या लांब पल्ल्याच्या लेन्सने, उभ्या चौकटीत घ्यावे.

तांदीनंतर रस्ता भागेच्या खोऱ्याने केलाँग, जिस्पा, दारचा असा चढत जातो. बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर) ओलांडून तो सर्चूच्या पठारावर उतरतो, गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून नकी ला आणि लाचुंग ला (सुमारे ५,०६० मीटर) पार करतो, पांगला पोहोचतो, मोरे मैदानातून सरळ धावतो आणि ५,३२८ मीटर उंचीच्या टांगलांग ला खिंडीवरून सिंधूच्या खोऱ्यात उतरतो. ‘ला’ म्हणजेच खिंड, त्यामुळे नावापुढे पुन्हा खिंड म्हणण्याचे खरे तर कारण नाही, पण बोलताना आपण तसे म्हणतोच. हा क्रम पाठ असावा, कारण छायाचित्रे याच क्रमाने कथा सांगणार आहेत.

केव्हा निघावे

रस्ता साधारणपणे मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो. जूनच्या आरंभी बारालाचाच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, त्यांचे आकर्षण मोठे असते आणि बहुतेक जण तेव्हाच जातात. माझा कौल सप्टेंबरला आहे, आणि त्याचे कारण सूर्य. जूनमध्ये लेहला भर दुपारी सूर्य जवळजवळ ७९ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच असतो. त्या प्रकाशात डोंगराच्या घड्या, रस्त्याचे कठडे, नदीने कापलेले सुळके सगळे सपाट दिसते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तोच सूर्य दुपारीही ५६ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर शिल्लक राहतात आणि छायाचित्रणाला योग्य असे तास अधिक मिळतात. शिवाय तोपर्यंत बर्फ वितळण्याचे प्रमाण कमी होऊन रस्ता ओलांडणारे नालेही ओसरलेले असतात. या निवडीची एक किंमत आहे आणि ती आम्हा सातारकरांना जड वाटते : त्याच दिवसांत कासचे पठार फुललेले असते. दोन्ही एका वर्षी साधायचे असेल, तर लेहला सप्टेंबरच्या अखेरीस निघण्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात निघावे आणि परत येऊन कासची शेवटची फुले पाहावीत.

दिशेचाही विचार करावा. जाताना आपण ढोबळमानाने उत्तरेला जात असतो, म्हणजे दुपारचा सूर्य पाठीशी आणि समोरचा देखावा उजळलेला. परतताना तोच सूर्य समोर येतो, काचेवरची धूळ चमकते आणि डोंगर काळपट होतात. म्हणून रस्त्याची मुख्य छायाचित्रे जातानाच घ्यावीत आणि परतीच्या प्रवासात सूर्यासमोर उडणारी धूळ, ट्रकच्या कडेने झिरपणारा प्रकाश, झेंड्यांतून येणारे ऊन अशा गोष्टींकडे लक्ष वळवावे. पोलरायझर, म्हणजे आकाशाचा निळा रंग गडद करणारा लेन्सवरचा फिरता फिल्टर, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. सकाळी सूर्य पूर्वेला असताना उत्तरेकडे पाहिले की नेमका हाच कोन साधतो. पण या उंचीवर आकाश मुळातच गडद निळे असते, त्यात पोलरायझर पूर्ण फिरवला तर ते काळपट दिसते आणि रुंद लेन्समध्ये आकाशाच्या एका भागात डाग पडल्यासारखा पट्टा उमटतो. त्यामुळे तो अर्धाच फिरवावा किंवा काढून ठेवावा.

सराव घरीच करावा

लेहला पोहोचल्यावर कॅमेऱ्याची बटणे शोधत बसणे म्हणजे त्या उंचीवरचा श्वास वाया घालवणे होय. निघण्यापूर्वीचे तीन रविवार आपल्या परिसरात घालवावेत. पहिला रविवार यवतेश्वरच्या घाटात. पहाटे वर चढून, एखादी एसटी किंवा ट्रक वळणावर कधी येतो याची वाट पाहत, वळणाचा आकार, गाडी आणि दरी ही तिन्ही एका चौकटीत बसवण्याचा सराव करावा. वाई-पाचगणीचा पसरणी घाटही यासाठी उत्तम आहे, कारण वरून खालचे रस्त्याचे पदर एकाखाली एक दिसतात. गाटा लूप्सवर हेच करायचे आहे, फक्त दहापट मोठ्या पटावर.

दुसरा रविवार चाळकेवाडीच्या पठारावर. झाड नाही, आडोसा नाही, वारा भणाणता आणि नजर पोहोचेल तिथवर सपाटी. अशा ठिकाणी छायाचित्र रिकामे दिसण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस किंवा दुचाकी चौकटीत घेतली की मग पठार किती मोठे आहे ते कळते. मोरे मैदानात पवनचक्की नाही, पण तेथे एखादा ट्रक हेच काम करतो. मोठेपणा दाखवण्यासाठी चौकटीत काहीतरी लहान असावे लागते, ही गोष्ट चाळकेवाडीवर एका सकाळीत समजते आणि आयुष्यभर उपयोगी पडते.

तिसरा रविवार माणमध्ये, भर उन्हात. आपल्याकडचा कातळ काळा आहे आणि कॅमेऱ्याच्या मापकाला जग मध्यम राखाडी असावे असे वाटते; म्हणून काळा कातळ तो गरजेपेक्षा उजळ करतो. लडाखमधली माती, वाळू आणि बर्फ फिकट असल्यामुळे तेथे उलट होते आणि बर्फ मळका, राखाडी उमटतो. त्यावर उपाय एकच : बर्फ चौकटीत भरून असेल तर एक्स्पोजर एक ते दोन पायऱ्यांनी वाढवावे, आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा कॅमेऱ्यात दिसणारा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते पाहावे. माणमधल्या पांढऱ्या चुनखडीच्या मातीवर, उन्हात, हे करून पाहता येते. मोबाइलने छायाचित्रे काढणाऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवून उजळपणा वरखाली करण्याची सवय येथेच लावून घ्यावी, आणि सोय असेल तर रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात चित्रे साठवावीत.

बरोबर काय घ्यावे

थोडे घ्यावे. एक रुंद आणि एक लांब पल्ल्याची, अशा दोन लेन्स पुरतात. दोन्हींसाठी मिळून एकच कॅमेरा असेल तर लेन्स गाडीच्या बाहेर कधीही बदलू नये. या रस्त्यावरची धूळ पिठासारखी बारीक आहे. एकदा दारचाच्या पुढे उघड्यावर लेन्स बदलल्यामुळे माझ्या सेन्सरवर असे डाग बसले की पुढच्या तीन दिवसांतल्या प्रत्येक आकाशात ते दिसतात. काचा वर, पंखा बंद, कॅमेऱ्याचे तोंड खाली, अशा स्थितीत लेन्स बदलावी. लेन्सवर बसलेली धूळ फडक्याने पुसण्याआधी ब्लोअरने उडवावी, अन्यथा तीच धूळ काचेवर घासली जाते.

थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने कमी होते. तीन किंवा चार बॅटऱ्या घ्याव्यात, त्या रात्री झोपण्याच्या पिशवीत आणि दिवसा आतल्या खिशात, शरीराच्या उबेत ठेवाव्यात. संपली असे वाटणारी बॅटरी उबेने थोडा वेळ पुन्हा चालते. तंबूंच्या मुक्कामात वीज बहुधा संध्याकाळचे काही तासच असते, म्हणून गाडीत चालणारा चार्जर बरोबर असावा. थंडीतून उबदार खोलीत येण्यापूर्वी कॅमेरा घट्ट तोंडाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवावा, म्हणजे दव कॅमेऱ्यावर न बसता पिशवीवर बसते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. फिरती तबकडी असलेल्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क बहुतेक वेळा सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात, कारण त्यांचे वाचनशीर्ष हवेच्या पातळ थरावर तरंगते आणि विरळ हवेत तो थर पुरेसा राहत नाही. जिस्पापासूनच त्या चालू करू नयेत. साठवणीसाठी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घ्यावी किंवा सरळ जास्तीची मेमरी कार्डे घ्यावीत. भरलेले कार्ड प्रवासात पुसून पुन्हा वापरू नये.

ड्रोन घरी ठेवावे. हा सीमेजवळचा भाग आहे, लष्कराचा वावर सतत आहे, आणि परवानगीविना ते उडवणे हा गुन्हा ठरतो.

थांबे

गाडीत चढण्यापूर्वी सोबत्यांशी एक ठराव करावा : ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि एका थांब्याला किती वेळ. हा ठराव नसेल तर दोनच गोष्टी होतात, एक तर कोणी थांबत नाही किंवा सगळे सगळीकडे थांबतात आणि रात्र बारालाचावर होते. आमच्यात दिवसाला सहा थांबे, प्रत्येकी वीस मिनिटे असे ठरलेले होते, आणि ते कुठे घ्यायचे हे आदल्या रात्री नकाशावर नक्की होत असे. गाडी वळणावर कधीच उभी करू नये. वळण ओलांडून, रस्ता दोन्हीकडून दिसेल अशा रुंद जागी, चारही दिवे लुकलुकत ठेवून ती लावावी आणि चालत मागे यावे. हे खंबाटकी घाटात गाडी चालवणाऱ्याला नव्याने सांगायला नको, पण देखावा समोर आला की माणूस ते विसरतो.

चालत्या गाडीतूनही छायाचित्रे घेता येतात, आणि कधीकधी तीच जिवंत असतात. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा, शक्यतो काच खाली करावी, हात किंवा कॅमेरा दाराला टेकवू नये कारण गाडीची थरथर त्यातून उतरते. जवळचा कठडा चौकटीत आला तर तो पुसट होतो, म्हणून लांबच्या डोंगरावर नेम ठेवावा. दुचाकी चालवणाऱ्याने चालवताना छायाचित्र काढण्याचा विचारही करू नये. मागे बसलेल्याने काढावे.

पहिला मुक्काम जिस्पा किंवा केलाँगला करावा, सर्चूला नव्हे. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आणि सर्चू ४,३०० मीटरवर आहे. सर्चूच्या तंबूत पहिल्याच रात्री झोपलेल्या माणसाची डोकेदुखी आणि मळमळ मी पाहिली आहे, आणि अशा सकाळी कोणालाही कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही. शक्य असेल तर जिस्पाला दोन रात्री राहावे. मधला दिवस भागेच्या काठावर सरावाला मिळतो, शिवाय शरीर सावरते. त्रास वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर छायाचित्रांचा विचार सोडून लगेच खाली उतरावे.

जिस्पाहून पहाटे, उजाडण्याआधी निघावे. याची दोन कारणे आहेत. झिंगझिंगबारच्या परिसरात रस्ता ओलांडणारे नाले बर्फ वितळल्याने दुपारी फुगतात आणि सकाळी उतरलेले असतात. आणि सूर्य रांगेवरून खोऱ्यात उतरतो तो तास या भागातला सर्वांत समृद्ध तास आहे. दीपक ताल या लहान तळ्याचे पाणी सकाळी वारा सुटण्यापूर्वीच स्थिर असते. प्रतिबिंब हवे असेल तर त्याच वेळी पोहोचावे आणि कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. बारालाचाच्या अलीकडे सूरज ताल लागते. भागा नदी येथेच उगम पावते, म्हणजे काल तांदीला पाहिलेल्या संगमातली एक धारा येथे सुरू होते. त्या दोन छायाचित्रांत एक दिवसाचे अंतर आणि एक नदी आहे, म्हणून ती जोडीने ठेवण्याचा हेतू मनात धरून येथे थांबावे. तळ्याच्या काठावरून नव्हे तर पुढच्या चढावरून, तळे आणि त्याला वळसा घालणारा रस्ता एकत्र येतील अशा जागेवरून छायाचित्र घ्यावे.

खिंडीच्या माथ्यावर मुक्काम लांबवू नये. पाटीजवळ गर्दी असते. मित्रांचे एक छायाचित्र घ्यावे आणि दोनशे पावले पुढे जाऊन मागे वळून पाहावे. पताकांच्या माळा, पाटी, गाड्या आणि माणसे ही सगळी त्या विस्तीर्ण खिंडीत ठिपक्यांएवढी दिसतात, आणि खिंड म्हणजे काय ते त्या छायाचित्रातून कळते. टांगलांग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हात स्थिर राहावा म्हणून आपण नकळत श्वास रोखून धरतो. येथे तसे केले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. श्वास चालू ठेवून शटरचा वेगच वाढवावा. खाली वाकून छायाचित्र घेतल्यावर झटकन उठू नये.

सर्चूनंतर त्साराप नदीने कोरलेली दरी आणि मातीचे उभे खांब दिसतात. ते पाहिल्यावर रुंद लेन्स काढण्याचा मोह होतो, पण येथे लांब पल्ल्याची लेन्स लावून एकाच तुकड्याकडे पाहावे. खांबांच्या रेघा तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून या जागेसाठी सकाळ किंवा दुपारी तीननंतरची वेळ राखावी.

गाटा लूप्स हे या रस्त्याचे सर्वांत अधिक छायाचित्रे घेतली जाणारे ठिकाण असावे, आणि बहुतेक छायाचित्रे फसतात. खालून एकवीस वळणे दिसत नाहीत, मधून तीन-चारच दिसतात. वर पोहोचल्यावर, गाडी सुरक्षित लावून, कड्यापासून अंतर राखून खाली पाहावे. रुंद लेन्सने रस्ता दोऱ्यासारखा बारीक होतो. ८५ ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने मात्र वळणे एकमेकांजवळ ओढली जातात आणि त्यांची घडी दिसते. मग वाट पाहावी. मालवाहू ट्रक येथे ताफ्याने चढतात. एक ट्रक खालच्या वळणावर, दुसरा मधल्या आणि तिसरा वरच्या असा क्षण येईपर्यंत थांबले की एकाच चौकटीत चढाची सगळी मेहनत उमटते. आम्ही येथे वीस मिनिटांचा नियम मोडला, पाऊण तास थांबलो, आणि त्या प्रवासातले मला सर्वांत प्रिय असलेले छायाचित्र त्याच पाऊण तासातले आहे. लूप्सवर एक लहानसे स्मारक आहे, तेथे चालक पाण्याच्या बाटल्या ठेवून पुढे जातात. ते श्रद्धेचे स्थान आहे हे लक्षात ठेवून, देवळात वागतो तसे वागावे.

पांगच्या चढानंतर मोरे मैदान सुरू होते. सुमारे ४,७०० मीटर उंचीवर चाळीस किलोमीटर सपाट जमीन, आणि तीतून जाणारा सरळ रस्ता. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून छायाचित्र घेण्याची जी चाल पडली आहे ती धोक्याची आहे, कारण येथे गाड्या सर्वांत वेगाने येतात. कडेला गुडघ्यावर बसून, कॅमेरा जमिनीजवळ ठेवून, रस्त्याची कडा चौकटीच्या कोपऱ्यातून आत नेली तरी तोच परिणाम मिळतो. डांबर सोडून मैदानात गाडी घालू नये. तेथील विरळ गवतावर चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना बकऱ्या चरतात आणि चाकांचे ओरखडे त्या जमिनीवर वर्षानुवर्षे राहतात.

टांगलांग ला उतरल्यावर रुमत्से आणि ग्या ही गावे लागतात, आणि दोन दिवसांनी प्रथमच शेत दिसते. उजाड डोंगराच्या कुशीतला तो हिरवा चौकोन, पांढऱ्या भिंती, कडेची झाडे हे सगळे पाहून आमच्यातले सगळेच गप्प झाले होते. पुढे मिरूच्या परिसरात कडे जांभळट आणि हिरवट होतात. हे रंग खरे आहेत, त्यामुळे नंतर संगणकावर ते वाढवू नयेत, नाहीतर खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. उपशीला सिंधू भेटते, आणि तेथून कारू, ठिकसे, शे करत लेह.

माणसे

हा रस्ता सीमा सडक संघटना राखते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे हिमाचलच्या बाजूचे काम ‘दीपक’ आणि लडाखच्या बाजूचे ‘हिमांक’ या प्रकल्पांकडे आहे. डांबर वितळवणारे, दगड फोडणारे मजूर मोठ्या संख्येने झारखंडच्या दुमका भागातून येतात. त्यांच्याशिवाय या रस्त्याची छायाचित्रे अपुरी आहेत, हे माझे ठाम मत आहे. पण खिडकीतून कॅमेरा रोखून निघून जाऊ नये. उतरावे, नमस्कार करावा, बरोबरचे काही खायला द्यावे, विचारावे, आणि नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवावा. लडाखी माणसाला ‘जुले’ म्हटले की पुढचे बोलणे सोपे होते. पांगच्या तंबूत चहा देणाऱ्या बाईंना मी आधी चहा पिऊन, हिशेब देऊन, मगच विचारले, आणि त्यांनी स्वतःच चुलीजवळ उजेडात बसण्याची जागा निवडली.

लष्कराची ठाणी, ताफे, चौक्या आणि मनाईचे फलक लावलेले पूल यांची छायाचित्रे घेऊ नयेत. शंका आली तर तेथील जवानाला विचारावे. बहुधा सौजन्याने उत्तर मिळते.

रात्र

आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींकडे असतो. तो साताऱ्यातून क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर येतो. लडाखमधून २७ अंशांपेक्षा फार वर येत नाही, म्हणून दक्षिणेकडे डोंगर आडवा असेल तर तो दिसतच नाही. दक्षिण मोकळी असलेली जागा दिवसा पाहून ठेवावी आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. लेन्सचे छिद्र एफ २.८, उघडीप २० सेकंद, संवेदनशीलता आयएसओ ३२०० येथून सुरुवात करावी आणि तिपाईला दगड बांधावा. ध्रुवतारा मात्र आपल्याकडे जेवढा असतो त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो. ताऱ्यांच्या वर्तुळांसाठी ही जागा फार उत्तम आहे. दोन रात्रींपेक्षा अधिक जागरण करू नये, दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असते.

नोंदी आणि परतल्यानंतर

रोज रात्री वहीत किलोमीटरचा आकडा, जागा आणि वेळ लिहावी. कॅमेऱ्याचे घड्याळ निघतानाच बरोबर लावावे, म्हणजे नंतर छायाचित्र आणि नोंद जुळवता येते. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि पिवळे फलक मधूनमधून टिपत जावे. पुढे चित्रे लावताना हेच दगड प्रकरणांची शीर्षके होतात. केलाँग सोडल्यानंतर लांबच लांब पट्टा मोबाइलच्या नेटवर्कविना आहे आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम चालत नाही, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असे सांगणारा फलक कित्येक वर्षे प्रसिद्ध आहे. तेथे टाकी भरतानाचे छायाचित्र घेतले तर पुढच्या सगळ्या एकांताला त्यामुळे अर्थ येतो.

परतल्यावर आठवडाभर काही निवडू नये. मग तीस छायाचित्रे निवडावीत, प्रवासाच्या क्रमाने लावावीत, आणि ज्याने हा रस्ता पाहिलेला नाही अशा घरातल्या एखाद्या व्यक्तीला कागदावर काढून दाखवावीत. प्रत्येक छायाचित्रानंतर ‘आता इथून पुढे कुठे गेलात?’ हा प्रश्न आला, तर पुढचे छायाचित्र त्याचे उत्तर देते का ते पाहावे. देत नसेल तर राहिलेल्यांतून दुसरे शोधावे. माझ्या तिसऱ्या प्रवासाची छायाचित्रे पाहताना वडिलांनी गाटा लूप्सवर बोट फिरवत एकवीस वळणे मोजण्याचा प्रयत्न केला. सतरापर्यंत ती दिसतात, उरलेली चार कड्यामागे आहेत.

ज्यांची छायाचित्रे घेतली त्यांचे पत्ते वहीत लिहून घेतलेले असतील, तर त्यांच्या प्रती काढून टपालाने पाठवाव्यात. लाहौल-लडाखच्या पत्त्यांवर पाठवायच्या प्रती ऑक्टोबर संपण्यापूर्वीच साताऱ्यातून रवाना कराव्यात. दुमक्याकडच्या प्रतींसाठी मजुरांकडून कामाच्या ठिकाणाचा नव्हे, गावचा पत्ता मागून घ्यावा, कारण हिवाळ्यात काम थांबल्यावर ते घरी परततात.